तुर्की प्रत्ययांची वही : कामाच्या नोंदी

५ जानेवारी २०२५, रविवार

शेवटी बसले एकदाची. विद्यार्थी तीन. भाची सप्टेंबरात शिकायला इझमीरला चालली आहे. तिच्या मैत्रिणीच्या ऑफिसात तुर्कस्तानातून संगमरवर येतो आणि तिकडच्या लोकांशी रोज फोनवर बोलावं लागतं. तिसरे वरच्या मजल्यावरचे काका, बँकेतून निवृत्त. त्यांना तुर्की मालिका खालच्या पाट्या न वाचता बघायच्या आहेत. माझं भांडवल म्हणजे अंकाऱ्यात काढलेली अडीच वर्षं आणि तिथली एक मैत्रीण, जी चुका काढायला एका पायावर तयार असते.

भाचीने एक इंग्रजी मार्गदर्शक आणलं होतं. पहिल्याच पानावर तो जगप्रसिद्ध राक्षस: चेकोस्लोवाक्यालि'लाश्ति'रामादि'क्लारि'मि'झ्दान मि'सि'नि'झ. म्हणजे, “आम्हाला ज्यांना चेकोस्लोवाकियाचे बनवता आलं नाही, त्यांच्यापैकी आहात का तुम्ही?” असं कुणी कुणाला विचारत नाही. माणसाला घाबरवायचं आणि मग शिकवायचं, ही कुठली पद्धत! माझ्या वहीत हा शब्द नसेल.

त्याऐवजी काकांना विचारलं, “स, ला, ते आठवतं का?” काकांनी डोळे मिटून प्रथमा ते संबोधन घडाघड म्हणून दाखवलं. म्हणजे अर्धं काम झालेलंच आहे. शब्दाच्या शेपटाला प्रत्यय चिकटवून अर्थ फिरवणं मराठी माणसाला कुणी शिकवायला नको. वही त्याच तक्त्यावर उभी करायची.

८ जानेवारी

लिपीचा गुंता. तिघांनाही नोंदी देवनागरीत हव्यात, निदान पहिले दोन महिने. तुर्कीत आठ स्वर आहेत. त्यांतले आ, ए, इ, ओ, उ हे पाच आपल्या ओळखीचे, उरलेले तीन मराठी तोंडाला नवे. एक, ओठ ओ म्हणायला गोल करायचे आणि आत जिभेने ए म्हणायचं. दुसरा, ओठ उ चे, जीभ इ ची. तिसरा उलटा: ओठ इ सारखे पसरलेले, पण जीभ उ म्हणताना असते तशी मागे.

आधी अक्षराखाली नुक्ता देऊन पाहिला. माझ्या संगणकावर छान दिसला, काकांच्या फोनवर प्रत्येक नुक्त्याभोवती ठिपक्यांचं वर्तुळ उमटलं. “अगं, हे चंद्रग्रहण काय आहे?” रद्द.

आता नव्या स्वराच्या पुढे वर एक टिकली: ओ', उ', इ'. म्हणजे गो'झ (डोळा), गु'ल (गुलाब), कि'झ (मुलगी). टिकलीचा अर्थ एवढाच, की इथे मराठी तोंड चालणार नाही. अंकाऱ्याच्या मैत्रिणीचा लगेच आक्षेप: तुर्की लेखनात विशेषनामाला प्रत्यय जोडताना मध्ये असंच चिन्ह येतं, इस्तंबूल आणि दा यांच्या मध्ये. खरं आहे. पण वहीत प्रत्यय आडव्या रेघेनेच तोडणार आहोत, तेव्हा तिथेही आडवी रेघच. तिने नाक मुरडत मान्य केलं.

गंमत अशी, की हेच दुखणं तुर्कांनी शंभर वर्षांपूर्वी काढलं होतं. अरबी लिपीत आठ स्वर नीट मावत नव्हते. १ नोव्हेंबर १९२८ ला कायदा होऊन रोमन अक्षरांवर बेतलेली २९ अक्षरांची वर्णमाला आली. तिच्यात टिंबवाला आणि बिनटिंबाचा असे दोन वेगळे इ आहेत, मोठ्या अक्षरांतसुद्धा.

उरलेलं पटकन: च आणि ज हे चहातला च आणि जिन्यातला ज, चमच्यातला आणि जाडीतला नव्हे. झ मात्र माझामधला. आणखी एक अक्षर आहे ज्याचा स्वतःचा आवाजच नाही, ते आधीच्या स्वराला लांबवतं. त्याला ऽ ठेवलं. दाऽ म्हणजे डोंगर.

१२ जानेवारी, रविवार

पहिला वर्ग. स्वरमेळ, म्हणजे शब्दातला शेवटचा स्वर जसा असेल तसा प्रत्ययाने रंग बदलायचा.

जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूंवर पत्ते केले. आ, इ', ओ, उ हे मागचे स्वर, लाल. ए, इ, ओ', उ' हे पुढचे, हिरवे. लाल शब्दाला लाल प्रत्यय, हिरव्याला हिरवा. अनेकवचन: ओकुल-लार (शाळा), कि'झ-लार (मुली), पण एव-लेर (घरं), गो'झ-लेर (डोळे). एवढ्यावर निम्मे प्रत्यय सुटतात, कारण त्यांची दोनच रूपं असतात.

बाकीच्यांची चार. त्यात ओठ गोल आहेत की नाहीत तेही बघायचं. “माझा” साठीचा प्रत्यय घ्या: एव-इम, कि'झ-इ'म, ओकुल-उम, गो'झ-उ'म. काका म्हणाले, “तोंड एकदा ज्या ठिकाणी गेलं तिथून हलायचा आळस, एवढंच ना?” इतकी सोपी व्याख्या मला अडीच वर्षांत सुचली नव्हती. वहीत काकांचंच वाक्य घातलं.

अपवाद बाहेरून आलेल्या शब्दांचे. साआत (तास, घड्याळ) लाल दिसतो, पण अनेकवचन साआत-लेर. आपली लग्नाची साइत त्याच अरबी शब्दावरून आली. अपवाद शोधत बसायचं नाही, भेटेल तेव्हा नमस्कार करायचा.

१६ जानेवारी

विभक्तीचा तक्ता लिहून काढला. एव म्हणजे घर.

एव-इ द्वितीया, एव-ए चतुर्थी, एव-देन पंचमी (घरातून, घराहून), एव-इन षष्ठी (घराचा), एव-दे सप्तमी (घरात, घरी). ओकुल घेतलं तर ओकुल-उ, ओकुल-आ, ओकुल-दान, ओकुल-उन, ओकुल-दा. सामान्यरूप नाही. घोडा-घोड्या, पाणी-पाण्या, मुंगी-मुंगी-मुंग्या अशी मधली भानगड नाही. मूळ शब्द जागचा हलत नाही (थोडी व्यंजनं सोडून, ते पुढे). लिंग तर नाहीच. तो, ती, ते तिन्हींना मिळून एकच शब्द: ओ.

तृतीयेला ले/ला. ओतोबु'स-ले म्हणजे बसने. “बरोबर”साठीही हाच. आणि इथेच खड्डा आहे. आर्कादाश-ला म्हणजे मित्राबरोबर, पण मराठी कानाला ते “मित्राला”च ऐकू येणार. पानावर लाल चौकट टाकली. उपयोग होईल असं वाटत नाही.

१९ जानेवारी, रविवार

नाही झाला. काकांनी पाच मिनिटांत तीनदा आर्कादाश-ला म्हणून मित्राला पैसे दिले, मित्राला विचारलं आणि मित्राला हाक मारली.

पण खरी अडचण ला चीच आहे, उलट्या दिशेने. मराठीत द्वितीया आणि चतुर्थी दोन्हीकडे ला. “आईला पाहिलं”, “आईला विचारलं”. तुर्कीत पहिलं आन्ने-म-इ गो'र-दु'-म, दुसरं आन्ने-म-ए सोर-दु-म. एक इ, एक ए. तिघेही नाणं उडवल्यासारखं करत होते.

रात्री भांडी घासताना युक्ती सुचली. ला असलेल्या माणसाच्या जागी निर्जीव वस्तू ठेवून बघायची. “आईला पाहिलं” चं “पुस्तक पाहिलं” होतं, ला गळून पडतो. गळला की इ. “आईला विचारलं” मध्ये काहीही ठेवा, ला गळत नाही. “पुस्तकाला विचारलं” वेडेपणाचं वाटेल, पण ला लागतोच. टिकला की ए. “गावाला गेलो”, “कामाला सुरुवात केली” (इश-ए बाश्ला-दि'-म), “मित्राला मदत केली”: सगळीकडे टिकतो, सगळीकडे ए/आ. गळका ला आणि टिकाऊ ला. कुठल्याही इंग्रजी पुस्तकात हे असणं शक्य नाही, कारण त्यांच्याकडे ला च नाही.

२१ जानेवारी

युक्तीला भोकं आहेत. “कुत्र्याला घाबरतो”: ला टिकाऊ, पण तुर्कीत भीती कुत्र्यापासून निघते: को'पेक-तेन कोर्क-उयोर-उम. पंचमी. अशी चार-पाच क्रियापदं वेगळ्या पानावर.

दुसरं भोक मोठं आहे. निर्जीव वस्तूला मराठीत प्रत्ययच लागत नाही, म्हणून तिघेही इ विसरतात. तुर्कीत प्रश्न सजीव-निर्जीवाचा नाही, ठरावीक की कुठलंतरी असा आहे. किताप ओकु-दु-म म्हणजे पुस्तक वाचलं, वाचन केलं. किताब-इ' ओकु-दु-म म्हणजे ते पुस्तक वाचलं, आपलं ठरलं होतं ते. मराठीत “ते” किंवा “तेवढं” लावावंसं वाटलं, की तुर्कीत इ लावायचा.

२६ जानेवारी, रविवार

वर कितापचं किताब झालं ते भाचीच्या लक्षात आलं. मी खूश. फळ्यावर शाळेतली संधी लिहिली: वाक् + ईश = वागीश, षट् + आनन = षडानन, अप् + ज = अब्ज. वर्गातल्या पहिल्या व्यंजनाच्या जागी तिसरं. तुर्कीत अगदी तेच, पुढे स्वर आला की: कितापचं किताब-इ', आऽआच (झाड) चं आऽआज-इ', आणि क चा ग न होता तो पार विरघळतो, चोजुक (मूल) चं चोजुऽ-उ. एका अवयवाचे, म्हणजे एकच स्वर असलेले, शब्द बहुधा बदलत नाहीत.

उलट दिशेलाही संधी आहे. शब्द कठोर व्यंजनात संपला, की दे चा ते होतो. म्हणूनच कुत्र्याला -तेन लागला. तुर्की मुलांना ही कठोर व्यंजनं पाठ करायला एक माणूस दिलेला असतो: फि'स्ति'क्चि' शाहाप, शाहाप पिस्तेवाला. त्याच्या नावात फ, स, त, क, च, श, ह, प आठही येतात. काकांना शाहाप फार आवडला. पिस्तेवाल्यातला चि' तर आपल्याकडेही राहून गेला आहे: तोपची, मशालची, बावर्ची. आणि तोप म्हणजे तुर्कीत चेंडूसुद्धा.

२ फेब्रुवारी, रविवार

मालकी. अलि-निन एव-इ: अलीचं घर, पण शब्दशः “अलीचं त्याचं-घर”. दोन्ही बाजूंना गाठ. मराठीत एकाच बाजूला असते, त्यामुळे दुसरी गाठ सगळे विसरतात.

ही दुसरी गाठ ओळखायची सवय लागली, की तिकडच्या पाट्या वाचता येतात. गालाता कुले-सि (गालाताचा बुरूज), कि'झ कुले-सि (मुलीचा बुरूज), तु'र्क हावा योल-लार-इ', म्हणजे तुर्क हवा-रस्ते. ती विमान कंपनी. बसथांबा म्हणजे ओतोबु'स दुराऽ-इ'.

डोकेदुखी: एव-इ म्हणजे “घर” द्वितीयेत, आणि “त्याचं घर”ही. एव-इन म्हणजे “घराचा”, आणि “तुझं घर”ही. एविन्दे ऐकलं तर “तुझ्या घरात” (एव-इन-दे) की “त्याच्या घरात” (एव-इ-न-दे)? आवाज तोच. संगमरवरवाली म्हणाली, “मग ते लोक काय करतात?” संदर्भाने समजून घेतात. आपण “त्यांना सांग” म्हणतो तेव्हा एका सासऱ्यांना सांगायचं की चार पाहुण्यांना, हे कसं कळतं? तसंच.

९ फेब्रुवारी, रविवार

क्रियापदं. मेक/माक काढला की धातू मिळतो, णे काढल्यासारखा. गेल-मेक, येणे. गेल.

गेल-इयोर-उम (येतोय, येतेय). गेल-दि-म (आलो, आले). गेल-एजेऽ-इम (येणार आहे). योर हा हट्टी. तो स्वरमेळ पाळत नाही, त्याच्या पुढच्यांना मात्र त्याच्या तालावर नाचावं लागतं, म्हणून नेहमी उम.

नकार पोटात जातो: गेल-मे-दि-म, आलो नाही. आणि त्याच्या आधी एक ए घातला की गेल-ए-मे-दि-म, येता आलं नाही. एका स्वराचा फरक. भाची लग्नाला न गेल्याची सबब सांगत होती, तिच्या तोंडून पहिलं रूप आलं. म्हणजे “नाही आले, जा”.

प्रश्नाचा मि म्हणजे आपला का. वाक्याच्या शेवटी, सुटा. पण वर्तमानात माणसाची खूण धातूवरून उडी मारून का वर बसते: गेल-इयोर मु-सुन? “येत कास?” असं काहीतरी. भूतकाळात उडी नाही: गेल-दि-न मि? आलास का? मि शब्दाशब्दाला चिकटवता येतो. अलि मि गेल-दि? अलीच आला का?

चहा विचारताना तिसरंच रूप: चाय इच-एर मि-सिनिझ? चहा घेणार का? हा काळ सवयीचाही आणि आग्रहाचाही. यात र च्या आधी कुठला स्वर घ्यायचा ते एका अवयवाच्या धातूंत बिनभरवशाचं नाही: ए किंवा आ. फक्त तेरा धातू ते ऐकत नाहीत: आल, बिल, बुल, दुर, गेल, गो'र, काल, ओल, ओ'ल, सान, वार, वेर, वुर. काकांनी पाढ्यासारखी चाल लावली. दोन रविवारांत तिघांचं पाठ.

१६ फेब्रुवारी, रविवार

या दिवसाची मी वाट बघत होते. मिश.

तुर्कीत भूतकाळ दोन. दि म्हणजे मी पाहिलंय, मला माहीत आहे. मिश म्हणजे कुणीतरी सांगितलं, किंवा खुणांवरून कळलं. इंग्रजी पुस्तकात यावर चार पानं, “असं दिसते की”, “कथितरीत्या” छापाची. मराठीत एक शब्द: म्हणे. कोम्शु एव आल-मि'श. शेजाऱ्यांनी घर घेतलं म्हणे. संपलं. मराठी माणसाला हे कुणी समजावून सांगायला नको, आपण दिवसभर म्हणे वर जगतो.

खुणांचा अर्थही आहे. अंकाऱ्यात सकाळी पडदा सारला आणि सगळं पांढरं दिसलं, तेव्हा मैत्रीण ओरडली होती: कार याऽ-मि'श! बर्फ पडलाय की! पडताना कुणी पाहिला नव्हता. गोष्टीची सुरुवातही याच रूपात: बिर वार-मि'श, बिर योक-मुश. एकदा होतं म्हणे, एकदा नव्हतं म्हणे.

मग म्हणणेची दुसरी करामत. याऽमुर याऽ-आजाक दिये शेम्सिये आल-दि'-म. पाऊस पडेल म्हणून छत्री घेतली. शब्दावर शब्द ठेवून पाहा, एकही जागा बदलत नाही. दिये हा दे-मेक, म्हणजे म्हणणे, याच धातूचा. दोन भाषा, एकमेकींच्या कुळातल्या नाहीत, आणि दोघींनी कारण सांगायला “म्हणणे”च उचलावं! मैत्रिणीला फोनवर सांगितलं, तर ती म्हणाली, मग तुम्ही इतकी वर्षं इंग्रजीतून का शिकता?

वर्ग लांबला. चाय-माय वरून चहा-बिहा झाला, किताप-मिताप वरून पुस्तक-बिस्तक. त्यांचा म, आपला बि.

२ मार्च, रविवार

गेला रविवार बुडाला. आज -ऊन आणि -ताना हे प्रत्यय: गिद-इप गेल-दि-म, जाऊन आलो. विशेष शिकवावं लागलं नाही. “मी वाचलेलं पुस्तक” ला बेन-इम ओकु-दुऽ-उम कितापही लवकर बसलं, फक्त वाचणारा “मी” नसून “माझं” असतो एवढं सांगावं लागलं. इकि कितापलार म्हणणं अजून सुटत नाही. आकड्यापुढे अनेकवचन लागत नाही, दोन पुस्तक म्हणायचं.

२३ मार्च, रविवार

वही छापली. चाळीस पानं, चार प्रती, कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे. घरी येऊन उघडली तर एकही टिकली नाही. त्याच्या संगणकाने फाँट बदलताना सगळ्या पुसल्या. तेरा धातूंच्या पाढ्यात ओल दोनदा, एक “हो” आणि एक “मर”. कि'झ चा कि झाला नाही एवढंच नशीब. आता चारही प्रतींत हिरव्या पेनने टिकल्या देतेय. काका दोन प्रती घेऊन गेले आहेत, त्यांचं अक्षर माझ्यापेक्षा बरं.

३१ मार्च

काल पाडवा. आज सकाळी काकांनी अंकाऱ्याच्या मैत्रिणीला आपणहून आवाजी निरोप पाठवला आणि मलाही ऐकवला. उच्चार स्वच्छ, उ' तर अस्सल. दु'न चोक श्रीखंड ये-मिश-इम.

काल मी खूप श्रीखंड खाल्लं म्हणे.

“मी”बरोबर मिश कधी लावायचा याचं पान वहीत नाही, हे तेव्हा लक्षात आलं. मैत्रिणीचं उत्तर दोन मिनिटांत: किम सो'यले-दि? कोणी सांगितलं?

काकांनी वही चाळली, चष्मा वर केला आणि फोन तोंडाजवळ धरला. कारि'-म सो'यले-दि. बायकोने सांगितलं. दि लावला, कारण ते त्यांनी स्वतः ऐकलं होतं.